इंग्लंडमधली नॉन-लीग मॅच: पहिल्यांदा जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न सारखे येतात. कुणी नोकरीसाठी आलेलं असतं, कुणी शिकायला, कुणाचे आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले असतात. फुटबॉल सगळ्यांना आवडतो आणि सगळ्यांचं घोडं प्रीमियर लीगच्या तिकिटापाशी अडतं. त्यांना मी नॉन-लीगचा रस्ता दाखवतो. उत्तरं लंडन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, पण लेस्टर, बर्मिंगहॅम, मँचेस्टरलाही बहुतेक सगळं असंच आहे.

नॉन-लीग म्हणजे नक्की काय?

इंग्लंडमध्ये वरच्या चार पातळ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत. प्रीमियर लीगचे २०, आणि खाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू यांचे प्रत्येकी २४. या ९२ च्या बाहेर जे काही आहे ते नॉन-लीग. पाचवी पातळी नॅशनल लीगची, सहावी तिच्याच उत्तर आणि दक्षिण विभागांची. सातव्या पातळीवर चार समांतर विभाग आहेत. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचे बरेचसे क्लब त्यातल्या इस्थमियन लीगमध्ये असतात. त्याखाली फांद्या फुटत फुटत हा पसारा पार खेड्यातल्या मैदानापर्यंत जातो.

महत्त्वाचं असं की या पातळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. जिंकत गेलात तर वर, हरत गेलात तर खाली. ल्यूटन टाउन २००९ मध्ये नॉन-लीगमध्ये घसरला, २०१४ मध्ये बाहेर आला आणि २०२३-२४ चा हंगाम प्रीमियर लीगमध्ये खेळला. ही वाट नेहमीच उघडी नव्हती. १९८६-८७ च्या आधी नॉन-लीगचा विजेता आपोआप वर जात नसे. लीगमधल्या क्लबांनी मतं देऊन त्याला आत घ्यावं लागे, आणि आतले लोक सहसा आतल्यांनाच मत देत. वायव्य लंडनच्या वील्डस्टोनने १९८४-८५ मध्ये नॉन-लीगचं विजेतेपद आणि एफए ट्रॉफी (फुटबॉल असोसिएशनचा नॉन-लीग क्लबांसाठीचा कप) दोन्ही जिंकलं, आणि तरी पुढच्या वर्षी होता तिथेच खेळला. थेट बढतीचा नियम आल्यावर पहिला फायदा स्कारबरोला झाला, १९८७ मध्ये. वील्डस्टोनचे म्हातारे समर्थक अजून हा विषय काढतात. तुम्ही काढू नका, मध्यंतर त्यातच जाईल.

म्हणजे गल्लीतलाच फुटबॉल ना?

नाही. सहाव्या-सातव्या पातळीचे खेळाडू बहुतेक अर्धवेळ असतात. दिवसा कुणी प्लंबर, कुणी शाळेत पीटी शिकवणारा, कुणी व्हॅन चालवणारा. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी मॅच. पण यातले बरेच जण सोळा-सतरा वर्षांचे होईपर्यंत मोठ्या क्लबांच्या अकॅडमीत वाढलेले असतात आणि तिथून गळलेले असतात. पाचव्या पातळीवर तर बहुतेक क्लब पूर्णवेळ व्यावसायिक आहेत.

जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने पोरवयात सोडलं. तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबात आठवड्याला साधारण ३० पौंडांवर खेळायचा आणि दिवसा कारखान्यात काम करायचा. तिथून हॅलिफॅक्स, मग फ्लीटवुड, २०१२ मध्ये दहा लाख पौंडांना लेस्टर, आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद. पुढे इंग्लंडकडून खेळलेले आणखी तिघे: इयन राइट ग्रिनिच बरोमधून आला. स्टुअर्ट पिअर्स वील्डस्टोनकडून खेळताना इलेक्ट्रिशियन होता. लेस फर्डिनंड १९८६ मध्ये साउथॉलकडून एफए व्हाझची (ट्रॉफीहून छोट्या क्लबांच्या कपची) फायनल खेळला. हो, तेच साउथॉल, जिथे आपण मसाले आणायला जातो.

आता खरं तेही सांगतो. चेंडू हवेत जास्त असतो, पहिला स्पर्श चुकतो, आणि फेब्रुवारीच्या चिखलात पासिंग विसरा. टीव्हीवरचा खेळ डोक्यात ठेवून गेलात तर पहिली वीस मिनिटं विचित्र वाटतील. मग कळायला लागतं की हा बॅक दर वेळी डावीकडेच वळतोय, आणि समोरच्या विंगरलाही ते कळलंय. इतक्या जवळून फुटबॉल पाहिला की तो टीव्हीपेक्षा कितीतरी जास्त समजतो.

कोणत्या क्लबला जायचं?

तुमच्या घराच्या सगळ्यात जवळच्या. या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. इंटरनेटवर शोधलंत तर सगळीकडे दक्षिण लंडनच्या डलिच हॅम्लेटचं नाव येईल: गुलाबी-निळे रंग, चॅम्पियन हिलचं मैदान, ईस्ट डलिच स्टेशनपासून चालत दोन-चार मिनिटं, गर्दी कधी कधी तीन हजारांपर्यंत. मजा येते, वाद नाही. २०१८ मध्ये जागेच्या मालकांशी वाद होऊन क्लबला स्वतःच्या मैदानातून बाहेर पडावं लागलं, तेव्हा समर्थकांनी आणि आजूबाजूच्या लोकांनी रान उठवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संघ परत आला. एकदा जरूर जा. पण हॅरोहून डलिचला जायचं म्हणजे अख्खं लंडन ओलांडायचं, आणि पुढच्या शनिवारी पाऊस असला की तुम्ही जाणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

हॅरोत राहत असाल तर हॅरो बरो आहे. वेम्बली, किंग्जबरीकडे असाल तर हेंडन: नाव हेंडन असलं तरी मैदान किंग्जबरीत, सिल्व्हर ज्युबिली पार्कला, आणि १९३२ पासूनचं आपलं महाराष्ट्र मंडळ ज्या डॉलिस हिलला आहे तिथून फार लांबही नाही. हेज-हाउन्स्लोच्या बाजूला हेज अँड येडिंग युनायटेड, साउथॉलकरांसाठी साउथॉल, इलफर्डला इलफर्ड. स्लाउच्या आयटीवाल्यांसाठी स्लाउ टाउन आहे. २००३ मध्ये जुनं मैदान गेल्यावर हा क्लब तेरा वर्षं दुसऱ्यांच्या मैदानांवर भाड्याने खेळला आणि २०१६ मध्ये आर्बर पार्कला स्वतःच्या गावात परतला.

क्लबच्या नावातलं गाव आणि मैदानाचं गाव एकच असेल असं मात्र धरून चालू नका. वील्डस्टोन खेळतं राइस्लिपला. निघण्यापूर्वी क्लबच्या संकेतस्थळावर पत्ता बघा.

तिकीट आधी काढावं लागतं का?

सहसा नाही. फाटकापाशी जायचं, पैसे द्यायचे, टर्नस्टाइल ढकलून आत. नवव्या पातळीला दहा पौंडांच्या आसपास, सातवीला बारा ते पंधरा, पाचवीला वीसच्या पुढे असा अंदाज ठेवा. विद्यार्थी आणि ज्येष्ठांना सवलत असते, लहान मुलांना अनेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र. कार्ड चालतं, तरी दहाची एक नोट खिशात असू द्या. रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं विकणाऱ्या आजीबाईंकडे मशीन असेलच असं नाही. डलिचसारखा गर्दीचा क्लब किंवा एफए कपची मोठी मॅच असेल तर ऑनलाइन आधी काढून ठेवा.

निघालो आणि मॅचच रद्द झाली तर?

होतं, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारी. मैदानात पाणी साचलं किंवा जमीन गोठली की पंच येऊन पाहणी करतात आणि तेच ठरवतात. पाहणी सकाळी होते, कधी दुपारी एकला पुन्हा होते. क्लबचं एक्स खातं बघून मगच घर सोडा. शनिवार-रविवारी रेल्वेची कामं काढलेली असतात, तेही त्याच वेळी बघून घ्या.

हक्काची मॅच हवी असेल तर कृत्रिम गवताचं, इथल्या भाषेत थ्रीजीचं, मैदान असलेला क्लब निवडा. नॉन-लीगमध्ये ते चालतं, वरच्या ९२ मध्ये चालत नाही. सटन युनायटेड २०२१ मध्ये लीग टूमध्ये चढला तेव्हा त्याला चांगलं कमाई करून देणारं थ्रीजी उखडून गवत लावावं लागलं. आठवडाभर शाळांना, पोरांच्या संघांना भाड्याने देता येणारं मैदान गेलं. बढतीची ही अशीही किंमत असते.

एकूण दिवस कसा जातो?

मॅच शनिवारी तीनला असते. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री पावणेआठच्याही असतात, पण पहिल्यांदा शनिवारच धरा. दीडपर्यंत पोचा. इतक्या लवकर काय करायचं असं वाटेल, पण निम्मी मजा या दीड तासात आहे.

आधी क्लबहाऊस. सामान्य दिसणारा हॉल, एका भिंतीला बार, बाकी भिंतींवर १९५०-६० च्या दशकांतल्या संघांचे फोटो आणि इतर क्लबांनी दिलेले तिकोनी झेंडे. टीव्हीवर साडेबाराची प्रीमियर लीग मॅच चालू असते आणि तिच्याकडे अर्धं लक्ष ठेवून लोक गेल्या मंगळवारच्या पराभवाबद्दल बोलत असतात. एकटे गेला असाल तर इथे कोपऱ्यात उभं राहू नका. कार्यपत्रिका, म्हणजे प्रोग्रॅम, कुठे मिळतो एवढं विचारा. प्रश्न साधा आहे पण उत्तर लांब येतं: आता छापणं परवडत नाही, कुणी सगळं मोबाइलवर टाकलंय, पूर्वी अमुक माणूस संपादक होता तेव्हा काय अंक निघायचे. तुमची पुढची दहा मिनिटं निघाली.

दोनच्या सुमाराला दोन्ही संघांची नावं फळ्यावर लागतात. काही जण वहीत उतरवून घेतात. हे ग्राउंडहॉपर, देशभरातली मैदानं बघत फिरणारी जमात. त्यांना क्लबशी देणंघेणं नसतं, मैदानाशी असतं. पंढरीला पायी जाऊन देवळात न शिरता परत फिरणाऱ्यासारखं मला ते वाटायचं, पण यांच्याकडे असलेली माहिती कुठे मिळत नाही. कुठल्या मैदानाचा स्टँड कोणत्या साली कुठल्या बंद पडलेल्या ट्रॅकवरून उचलून आणला हे त्यांना तोंडपाठ असतं.

तीनला सुरुवात. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये कुठलीही फुटबॉल मॅच टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे, आणि ती मूळची आहेच या छोट्या मैदानांवरची गर्दी टिकावी म्हणून. म्हणजे या वेळात घरी टीव्हीसमोर नसलात तरी तुमचं काही फारसं चुकत नाही.

मध्यंतराला रॅफलचा निकाल लागतो. बक्षीस वाइनची बाटली, मांसाची टोपली, कधी जमलेल्या रकमेतले निम्मे पैसे. पावणेपाच-पाचला मॅच संपली की बहुतेक लोक घरी जातात आणि इथेच नवीन माणूस चुकतो. परत क्लबहाऊसमध्ये जा. पाचला टीव्हीवर सगळ्या लीगचे निकाल येतात, आणि थोड्या वेळाने अंघोळ करून खेळाडू बाहेर येतात, बारवरच्या रांगेत तुमच्या मागे उभे राहतात. ज्याने तासाभरापूर्वी पेनल्टी घालवली तो हातात चिप्सची प्लेट घेऊन असतो. बोला त्याच्याशी. पेनल्टीबद्दल नाही.

उभं कुठे राहायचं?

कुठेही. बसायला छपराखाली छोटा स्टँड असतो, पण खरी जागा मैदानाभोवतीच्या कठड्याला टेकून. डगआउटजवळ उभे राहिलात तर प्रशिक्षक काय ओरडतोय ते शब्द न् शब्द ऐकू येतं. पाहुण्या संघाचे समर्थक वेगळे बसवलेले नसतात. तुमच्या शेजारीच उभे असतील.

एक छान रीत सांभाळा. आपला संघ ज्या गोलावर हल्ला करतोय त्या गोलामागे समर्थक उभे राहतात, आणि मध्यंतराला बाजू बदलल्या की सगळा जथा झेंडे-ढोल घेऊन मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातो. वाटेत समोरून पाहुण्यांचा जथा येतो. एकमेकांना टोमणे मारत दोघे पार होतात. प्रीमियर लीगच्या आखून दिलेल्या खुर्चीत हे होणं शक्य नाही.

खायला काय मिळतं? आम्ही शाकाहारी आहोत, काही जण बीफ खात नाही.

टी बार नावाची खिडकी असते. चहा, चिप्स, बर्गर, पाय (pie, म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ). चहा बरा असतो, आल्याची अपेक्षा नको.

बॉव्हरिल जपून. थंडीत सगळे कपातून काहीतरी गडद, वाफाळतं पीत असतात, ते बहुधा तेच. त्यात बीफचा अर्क आहे. स्टेक पायमध्येही बीफ, सॉसेज रोलमध्ये पोर्क. शाकाहाऱ्यांसाठी चिप्स किंवा चीझ घातलेल्या चिप्स हमखास, पण कशात तळतात ते विचारा, विशेषतः उत्तर इंग्लंडमध्ये, कारण तिथे गाईच्या चरबीत तळायची रीत अजून आहे. विचारलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. लंडनच्या बऱ्याच क्लबांत आता व्हेज पाय मिळतो. पिशवीतून पोळीभाजीचा रोल नेलात तरी फाटकावर कुणी डबा उघडून बघत नाही. मी तर घरून तिखट शेंगदाणे नेतो आणि शेजाऱ्यांना देतो. दोन हंगामांत ओळखीचं माणूस होण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

मैदानाशेजारी उभं राहून बिअर पिता येते म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे, पण सगळीकडे नाही. १९८५ च्या कायद्याने वरच्या पाच पातळ्यांच्या मॅचमध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे. सहाव्या पातळीपासून खाली ती लागू नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या पेल्यात घेऊन कठड्याशी उभं राहता येतं.

आईबाबांना किंवा लहान मुलांना नेलं तर?

न्या. आईबाबांसाठी स्टँडमधली खुर्ची पकडा, आणि ऑगस्ट-सप्टेंबर किंवा एप्रिल निवडा. हंगाम ऑगस्टपासून एप्रिलअखेरपर्यंत चालतो, म्हणजे जून-जुलैपुरत्याच आलेल्या आईबाबांना जुलैतल्या सरावाच्या मॅचवर भागवावं लागेल. त्या वाईट नसतात. मोठे क्लब आपली पोरं घेऊन छोट्या मैदानांवर येतात.

हिवाळ्यात न्यायचंच असेल तर पाय सांभाळा. डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो आणि दुसरा हाफ प्रकाशझोतात होतो. जाकीट सगळेच घालतात. थंडी चढते ती काँक्रीटवरून तळपायांत. दोन मोजे, जाड तळाचे बूट.

मुलांचं तर काय, त्यांना मॅचशी फारसं कर्तव्य नसतं. गोलामागच्या मोकळ्या जागेत त्यांची स्वतःची मॅच सुरू होते आणि मध्येच बाहेर आलेला खरा चेंडू परत फेकायला मिळाला की त्यांचा दिवस भरला. कुत्रीही बऱ्याच मैदानांवर चालतात. पहिल्यांदा घाबरणारी मुलं असतील तर एवढं आधी सांगून ठेवा.

शिव्या फार असतात का?

असतात. खेळाडू, प्रशिक्षक, प्रेक्षक सगळ्यांच्या, आणि गर्दी तीनशेचीच असल्याने प्रत्येक शिवी स्वतंत्र ऐकू येते. पंचाचं नाव घेऊन आयुष्यभराचे सल्ले दिले जातात. मुलांसोबत असाल तर डगआउटपासून लांब उभे राहा.

आपल्या रंगाच्या माणसाला त्रास होतो का?

लंडनच्या मैदानांवर, खरं सांगायचं तर, क्वचित. बहुतेक संघांत खेळाडूच नाना वंशांचे असतात. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एफए कपच्या मॅचमध्ये हॅरिंगे बरोच्या खेळाडूंना येओव्हिलच्या काही प्रेक्षकांनी वर्णद्वेषी शिवीगाळ केली, तेव्हा हॅरिंगेचा संघ मैदान सोडून निघून गेला आणि मॅच पुन्हा खेळवावी लागली. काही ऐकू आलं तर तिथल्या तिथे स्टुअर्डला, म्हणजे मैदानावर व्यवस्था बघणाऱ्या माणसाला, सांगा. स्टुअर्ड दिसला नाही तर क्लबच्या सेक्रेटरीला. छोट्या क्लबात सेक्रेटरी म्हणजे ईमेलचा पत्ता नसतो, समोर फिरणारा माणूस असतो, आणि त्याला ही गोष्ट फार लागते.

दक्षिण आशियाई चेहरे प्रेक्षकांत कमी दिसतात. मैदानावर त्याहून कमी. पूर्व लंडनचा स्पोर्टिंग बंगाल युनायटेड हा बांगलादेशी समाजातून १९९६ मध्ये उभा राहिलेला क्लब या चित्राला अपवाद. आपल्या लोकांनी असं काही केलेलं नाही. क्रिकेटच्या शनिवारातून आपल्याला सवड मिळाली तर ना.

बायकांच्या मॅचही असतात का?

असतात, बऱ्याचदा रविवारी, त्याच मैदानावर आणि स्वस्तात. ससेक्समधल्या लुइस या समर्थकांच्या मालकीच्या क्लबाने २०१७ मध्ये पुरुष आणि महिला संघांचं बजेट समान केलं. त्यांचं ड्रिपिंग पॅन हे मैदान हिरव्या उतारांच्या खोलगट वाडग्यात आहे, आणि कॉर्पोरेट बॉक्स म्हणून तिथे समुद्रकिनाऱ्यावरच्या रंगीत लाकडी खोल्या ठेवल्यात. रेल्वे स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. लंडनहून दिवसाची सहल करायची तर मी पहिलं नाव हे घेईन.

आम्ही कोल्हापूरचे. तालमींच्या मॅचसारखं असतं का?

काही बाबतीत हुबेहूब. खेळाडू ओळखीचा, त्याचा काका ओळखीचा, आणि पंचाबद्दल सगळ्यांचं एकमत. पण शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच बघितलेल्या माणसाला इथली तीनशे डोक्यांची गर्दी म्हणजे थट्टा वाटेल. तटस्थ माणसाला कोल्हापुरात उभं राहायला जागा शोधावी लागते. इथे तोच माणूस दोन्ही बाजूंच्या गप्पांत शिरतो.

मोठा फरक दुसराच आहे. कोल्हापूरची लीग म्हणजे स्वतःत पूर्ण असलेलं जग. तालीम कितीही जिंकली तरी त्या निकालांच्या जोरावर पायरी पायरीने देशाच्या वरच्या लीगपर्यंत चढत जाणारा रस्ता तिच्यापुढे नसतो. अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळतो, पण तो एकटा वर जातो, तालीम जिथल्या तिथे राहते. इथे वर जातो तो क्लब, गावासकट. मला या सगळ्या पसाऱ्यात हेवा वाटतो तो एवढ्याच गोष्टीचा.

एफए कपची मॅच बघावी का?

जरूर, आणि ऑगस्टमध्येच. १८७१-७२ पासून चालू असलेली ही स्पर्धा बहुतेकांना जानेवारीत दिसते, मोठे क्लब उतरतात तेव्हा. पण तिच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टच्या सुरुवातीला शे-दोनशे लोकांसमोर सुरू होतात. सातशेहून जास्त क्लब उतरतात. एक फेरी जिंकली तर मिळणाऱ्या बक्षिसात छोट्या क्लबाचं गवत कापायचं यंत्र दुरुस्त होतं, छप्पर होतं.

१९०१ मध्ये टॉटनमने हा कप जिंकला तेव्हा तो सदर्न लीगमध्ये होता. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाल्यानंतर तिच्या बाहेरच्या क्लबाने कप जिंकल्याचं ते एकमेव उदाहरण. १९८९ मध्ये सटनने तेव्हा सर्वांत वरच्या पातळीवर असलेल्या कॉव्हेंट्रीला हरवलं. २०१७ मध्ये नॉन-लीगमधला लिंकन सिटी बर्नलीला त्यांच्याच घरी हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेला. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या पातळीच्या मरीनकडे टॉटनम आलं. कोविडमुळे मैदान रिकामं ठेवावं लागणार होतं, म्हणून क्लबाने नुसती आभासी तिकिटं विकायला काढली आणि ती तीस हजारांवर गेली. मरीन पाच गोलांनी हरला. त्याबद्दल तिथे कुणीच बोलत नाही.

या मैदानांचा भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो इलफर्डमध्ये. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ ३१ जुलैला फ्रान्सशी खेळला तो इलफर्डच्या जुन्या लिन रोड मैदानावर. कर्णधार तालिमेरेन आओ, नागालँडचा, पुढे डॉक्टर झालेला. बरेच खेळाडू अनवाणी. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही हुकल्या. सारंगपाणी रामनने बरोबरीचा गोल केला आणि अखेरीस फ्रान्सने २-१ अशी मॅच जिंकली.

ते मैदान आता राहिलेलं नाही. आजचा इलफर्ड क्लब क्रिकलफील्ड स्टेडियमवर खेळतो. भोवती धावण्याचा ट्रॅक असल्याने खेळ थोडा लांबून दिसतो, आणि मैदान म्हणून ते लंडनमधलं काही फार देखणं नाही. तरीही जाच. त्या दोन पेनल्टींवरून आम्हा चार भारतीयांचा तिथे हमखास वाद होतो.

क्लबांना पैसे कुठून येतात?

फाटक, बार, मैदानाचं भाडं, स्थानिक दुकानांच्या जाहिराती, आणि अधूनमधून एखादा हौशी श्रीमंत. शेवटचा प्रकार धोक्याचा. त्याचा उत्साह संपला की क्लब दोन पायऱ्या खाली येतो. रेक्समचं उदाहरण सगळे देतात: हा वेल्समधला क्लब २००८ पासून नॉन-लीगमध्ये अडकलेला, २०२१ मध्ये दोन अभिनेत्यांनी घेतला आणि २०२३ मध्ये बाहेर पडला. पण हॉलिवूड रोज दारात येत नाही. त्यापेक्षा एएफसी विम्बल्डन बघा. जुना क्लब मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब काढला, थेट नवव्या पातळीवरून सुरुवात केली आणि २०११ मध्ये फुटबॉल लीग गाठली.

बाकी सगळं फुकट राबणाऱ्यांवर चालतं. टर्नस्टाइलवरचा माणूस, टी बारमधल्या बायका, सामन्यानंतर उखडलेली माती पायाने दाबत फिरणारे दोघे. पगार कुणालाच नाही.

लंडनबाहेर एखादं ठिकाण?

शेफील्ड. १८५७ मध्ये स्थापन झालेला शेफील्ड एफसी हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब, आणि तो नॉन-लीगमध्ये खेळतो. त्याच शहरात सँडीगेटला हॅलम एफसीचं मैदान आहे. या दोन क्लबांमधली पहिली मॅच तिथे २६ डिसेंबर १८६० ला झाली. मैदानाला एवढा उतार आहे की चढावर हल्ला करणाऱ्या संघाची दया येते. रेल्वे स्टेशनवरून बस घ्या, चालत जायच्या भानगडीत पडू नका.

आवडलं, नेहमी जायचं म्हटलं तर?

सीझन तिकिटापेक्षा आधी बाहेरगावच्या एका मॅचला जा. समर्थकांची बस असते, किंवा कुणाच्या तरी गाडीत जागा असते. पेट्रोलचे चार-पाच पौंड द्यायचे. त्या प्रवासात ओळखी होतात त्या घरच्या मैदानावर वर्षभरात होत नाहीत. मग सीझन तिकीट, जे सहसा मे-जूनमध्ये स्वस्त दरात निघतं. परवडत असेल तर एखाद्या खेळाडूचा शर्ट पुरस्कृत करता येतो: वर्षाला थोडी रक्कम, आणि प्रोग्रॅममध्ये त्याच्या फोटोखाली तुमचं नाव. चार घरांनी मिळून केलंत तर 'नवी मुंबई मित्र मंडळ' असंही छापून येतं; फक्त स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. आणि रॅफलची तिकिटं विकाल का असं कुणी विचारलं तर विचार करून हो म्हणा, कारण ते काम पुन्हा दुसऱ्याकडे जात नाही.